आमच्या ग्रंथपाल मॅडमना, संदर्भसूचीबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

लेख छापून आला. मुंबईतला १८९६-९७ चा प्लेग आणि त्या दिवसांत मराठीत छापला गेलेला मजकूर हा त्याचा विषय, हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. ऋणनिर्देशाला नियतकालिकाने दोनच ओळी दिल्या. त्यात मार्गदर्शकांचं नाव आलं, शिष्यवृत्तीचा उल्लेख आला आणि तुमच्या वाट्याला फक्त ‘ग्रंथालयातील कर्मचारी’ एवढे शब्द उरले. तुमचं काम त्या शब्दांत मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

लेख तुमच्याकडे आला तेव्हा मजकूर पूर्ण होता. अडलं होतं ते संदर्भांपाशी. पहिलं नियतकालिक वैद्यकाच्या इतिहासाचं, त्यांना व्हँकूवर पद्धत हवी होती. १९७८ साली कॅनडातल्या व्हँकूवरला वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक एकत्र बसले आणि त्यातून ही पद्धत रुळली, हे तुम्हीच मला सांगितलंत. मजकुरात नुसते आकडे, सूचीत त्याच क्रमाने नोंदी, नियतकालिकाचं नाव आखडून ‘इंडियन जे मेड रेस’. आजच्या वैद्यकीय लेखाला हे सोयीचंच आहे. पण १८९७ चा ‘केसरी’ त्यात बसवायचा कसा? अग्रलेखाखाली सही नाही. टिळकांचाच असणार, असं कुणीही म्हणेल. तुम्ही म्हणालात, “अंकावर नाव छापलेलं नाही ना? मग नोंदीतही नको. मथळा पुढे घे, तारीख आणि पान दे. तो कुणी लिहिला याचा अंदाज लेखात मांड, तिथे त्याला आधार देता येतो.” सूचीत काय लिहायचं आणि लेखात काय लिहायचं, ही रेघ मला कुठल्याही मार्गदर्शिकेत इतकी स्पष्ट सापडली नव्हती.

सगळ्यात जास्त आठवते ती प्लेगवरची छोटी पुस्तिका. मुखपृष्ठ फाटलेलं, आतल्या पानावर फक्त ‘माघ शके १८१८’. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तसं केलं तर १८९६ येतं. कॅटलॉगमध्येही तेच साल होतं. तुम्ही पुस्तिका हातात घेतलीत आणि ‘माघ’ या अक्षरांवर बोट ठेवलंत. शक बदलतो चैत्रात. माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष उलटून गेलेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे. १८९७. वरवर पाहता एका वर्षाचा फरक, पण माझ्या लेखाचा सगळा भार त्याच वर्षावर होता. साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ चा. पुस्तिका १८९६ ची मानली तर तिचा लेखक कायद्याआधी बोलतो आहे असं ठरतं, आणि १८९७ ची मानली तर कायदा दारात येऊन उभा असताना. मग नोंद कशी करायची तेही तुम्ही दाखवलंत: मूळ पानावर आहे तो शक तसाच ठेवायचा आणि शेजारी चौकटी कंसात इसवी सन, म्हणजे तो आपण काढलेला आहे हे वाचकाला कळतं. त्याच दुपारी तुम्ही कॅटलॉगमधली नोंदही दुरुस्त केलीत.

झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणारं सॉफ्टवेअर मी आधी वापरत होते, पण तुमच्या हाताखाली ते खरं शिकले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या मंडळींनी ते मोफत काढलं आणि आज जगभरचे संशोधक ते वापरतात. तरी त्याला बॉम्बे प्लेग कमिटी, म्हणजे साथीसाठी सरकारने नेमलेली समिती, ही माणूस नाही, संस्था आहे, हे आपोआप कळत नाही. सूचीत नोंद पडली ती ‘कमिटी, बॉम्बे प्लेग’ अशी, जणू कमिटी हे आडनाव. तुम्ही नाव आणि आडनाव यांचे दोन रकाने एक करायचं बटण दाखवलंत आणि मग सरकारी खाती, आयोग, मंडळं अशा एकूण एक नोंदी माझ्याकडून तपासून घेतल्यात. मराठी नावांचंही तसंच. आद्याक्षरं एका अहवालात एक, दुसऱ्यात दोन, तर तिसऱ्यात पूर्ण नाव. एकच माणूस सूचीत तीन माणसं होऊन बसला होता.

नोंद दिसायला नेटकी असली की ती खरी वाटते. आता तर एआयला विचारलं की अस्तित्वातच नसलेल्या लेखाचा संदर्भ लेखक, वर्ष, पान यांच्यासकट मिळतो. तुमचा नियम होता की प्रत्येक नोंदीमागचा कागद किंवा पीडीएफ एकदा तरी उघडायचा, डीओआय (लेखाचा इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो दाबून तो योग्य लेखावरच जातो ना हे पाहायचं. प्लेग कमिटीचे अध्यक्ष गॅटेकर यांच्या १८९७ च्या अहवालातला एक उतारा मी एका अलीकडच्या पुस्तकातून घेतला होता. तुम्ही अहवाल शोधलात, पण ते नेमकं पान आपल्या प्रतीत नव्हतं. तेव्हा तुम्ही ‘मधून उद्धृत’ असंच लिहायला लावलंत. मूळ अहवाल वाचल्याचा आव आणायचा नाही, आणि ज्या अभ्यासकाने तो धुंडाळला त्याचं श्रेय त्याला जायलाच हवं. तुमचा हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्या नियतकालिकाने विषय त्यांच्या कक्षेत बसत नाही म्हणून लेख परत केला. दुसऱ्याला शिकागो पद्धतीच्या तळटीपा हव्या होत्या. आकड्यांच्या जागी टीपा, आखडलेली नावं पुन्हा पूर्ण, पहिल्या वेळी पूर्ण नोंद आणि पुढच्या वेळी फक्त आडनाव व छोटं शीर्षक. आधीचाच संदर्भ पुन्हा आला की लिहायचं ते ‘तत्रैव’ (इबिड) वापरू नका, असं २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून शिकागोवालेच सुचवतात, हेही तुम्ही दाखवलंत. माहिती एकदा नीट भरलेली असल्यामुळे बहुतेक बदल झोटेरोने केले. जुनी वृत्तपत्रं आणि पुस्तिका मात्र हातानेच कराव्या लागल्या, आणि त्या करताना तुम्ही ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेनंतरही शेजारच्या खुर्चीत बसून होतात.

मराठी साधनांची यादी देवनागरीत वेगळी द्यायला संपादकांनी परवानगी दिली, तेव्हा संगणकाने ‘ज्ञानप्रकाश’ हा वृत्तपत्राचा संदर्भ ‘ज’ मध्ये नेऊन ठेवला. तुम्ही तो मुळाक्षरांच्या क्रमाने ‘ह’, ‘ळ’, ‘क्ष’ यांच्यानंतर शेवटी आणलात. मराठी वाचक तो तिथेच शोधेल.

गेल्या महिन्यात दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. ती पुस्तिका तिला आपल्या ग्रंथालयातून हवी होती आणि तिने दाखल क्रमांकासकट मागणी केली होती. तो क्रमांक टीपेत घालायला तुम्हीच सांगितलं होतंत. पत्र तुमच्याकडे पाठवते आहे.

झोटेरोतला सगळा संग्रह, शक-सनाच्या नोंदींसह, मी ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवला आहे. पुढच्या विद्यार्थ्यांना तो द्यावा. मॅडम, तुमचे मनापासून आभार.

तुमची,
एक संशोधक विद्यार्थिनी