प्रतिकृतीला कानस लावा, अस्सल फ्लॅशगनला नको

महोदय,

चित्रपटांतल्या वस्तूंच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांविषयी लिहून येते तेव्हा सूर बहुधा 'हौसेला मोल नाही' असाच असतो. प्रतिकृतीतली खोट काढणे हे रिकामटेकडेपणाचे काम नव्हे. उलट ती खोट घरच्या घरी दुरुस्त होते हे ठाऊक नसल्यामुळे ग्राफ्लेक्स फ्लॅशगन हे एक जुने, देखणे छायाचित्रण-साधन जगभर कापले जात आहे. म्हणून हे पत्र.

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या नायकाच्या, ल्यूक स्कायवॉकरच्या, लाइटसेबरची म्हणजे प्रकाशाच्या तलवारीची मूठ मुळात तलवारीसाठी घडवलेलीच नव्हती. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या छायाचित्रण साहित्याच्या दुकानात ग्राफ्लेक्सच्या जुन्या फ्लॅशगनच्या नळ्या मिळाल्या. अमेरिकेतले वृत्तछायाचित्रकार एके काळी त्या आपल्या मोठ्या कॅमेऱ्याला लावत. आत तीन मोठे सेल. म्हणजे आपली तीन सेलची बॅटरीच म्हणा ना, फक्त पितळी आणि वर चकचकीत मुलामा. तिला खाली काळ्या पट्ट्या चिकटवल्या, नळी आवळणाऱ्या मधल्या पट्ट्यात एक्झॅक्ट्रा कॅल्क्युलेटरमधली बारीक भिंगांची पट्टी सरकवली, तळाला अडकवायची कडी लावली, की मूठ तयार. १९८० च्या चित्रपटात भिंगांच्या जागी सर्किट बोर्डाचा तुकडा आला आणि काळ्या पट्ट्यांना रिव्हेट आले. बाजारातल्या कित्येक प्रतिकृतींत भिंगे पहिल्या चित्रपटातली आणि रिव्हेट दुसऱ्यातले असतात. तेव्हा आपल्याला कोणती मूठ हवी, ते ठरल्याशिवाय अवजाराला हात लावू नये.

तुलना फोटोवरून होते आणि तिथेच फसगत होते. मोबाइल फूटभर अंतरावर धरला तर जवळचे टोक जाड आणि लांबचे निमुळते दिसते. मग नळीच्या व्यासात नसलेली चूक सापडते. दोन-अडीच मीटर मागे जाऊन झूम करून फोटो घ्यावा. व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपरला पर्याय नाही.

सगळ्यांत जास्त बिघडतात त्या काळ्या पट्ट्या. पट्टीचा छेद उलट्या 'टी'सारखा, पाया नळीवर आणि कणा बाहेर. पाया सपाट, नळी गोल. नळीचा व्यास ३८ मिमी आणि पट्टी ८ मिमी रुंद धरली, तर पट्टी मधोमधच टेकते आणि दोन्ही कडा सुमारे ०.४ मिमी अधांतरी राहतात. त्या फटीत गोंद भरला की तो बाहेर ओघळतो, आणि कडेला नख लागले की पट्टी उचकटते. यावर उपाय सोपा आहे. १२० नंबरचा पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून नळीभोवती गुंडाळावा आणि पट्टीचा पाया त्यावर लांबीच्या दिशेने घासावा. पाया नळीच्या गोलाईबरहुकूम खोलगट होतो.

अंतराची चूक वेगळीच. एका पट्टीवरून पुढची मोजत गेले, तर दर वेळी अर्ध्या मिलिमीटरची चूक सहाव्या पट्टीपर्यंत अडीच मिलिमीटर होते आणि शेवटची फट लगेच डोळ्यांत भरते. त्यापेक्षा कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून नेमकी कापावी (या व्यासाला ती ११९ ते १२० मिमी भरते), टेबलावर तिचे समान भाग पाडावेत आणि पुन्हा नळीवर गुंडाळून खुणा उतरवाव्यात.

चिकटवायला सुपरग्लू वापरू नये. त्याच्या वाफेने काळ्या प्लास्टिकवर आणि चकचकीत मुलाम्यावर पांढुरकी साय धरते. दोन ट्यूबांत मिळणारा इपॉक्सी गोंद घ्यावा, पट्टीखाली जेवढी जागा झाकली जाईल तेवढीच २४० नंबरने खरवडावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. अॅसिटोन मुळीच नको. एबीएस प्लास्टिक त्यात विरघळते. इपॉक्सी वाळेपर्यंत पट्ट्या रबरबँडने आवळून ठेवाव्यात.

मधला पट्टा सैल असला तर बहुतेक जण खिट्टी आणखी आवळतात आणि मुलाम्यावर चरे पाडून घेतात. आतून ०.१ मिमीची पितळी शिम म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी घातली की काम भागते. भिंगांच्या पट्टीत दिवा घालू नये. ती भिंगे कॅल्क्युलेटरचे बारीक आकडे मोठे दिसावेत म्हणून होती, पडद्यावरच्या मुठीत ती उजळत नव्हती. रेझिनची ओतीव पट्टी पिवळी पडली असेल तर घासण्यात अर्थ नाही, भिंगांची गोलाई जाते, नवी ओतावी.

अॅल्युमिनियमची प्रतिकृती हाताला पोकळ लागते. आकार तोच असला तरी ती पितळेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही भरत नाही. वजनासाठी आत संपलेले सेल कोंबण्याची एक युक्ती सांगितली जाते, ती घातक आहे. अल्कलाइन सेल पाझरले की आतले क्षारद्रव्य अॅल्युमिनियम खाते. लेथवाल्याकडून आतल्या मापाचा पितळी दंडगोल कातून घ्यावा, पण तो ठोकून बसवू नये. सरकून बाहेर निघेल इतपत सैल ठेवावा.

एवढे केले की हातभर अंतरावरून अस्सल-नक्कल ओळखणे कठीण. तरीही 'अस्सलच हवी' म्हणून खऱ्या फ्लॅशगन विकत घेऊन त्यांच्या तळाला कडीसाठी छिद्रे पाडली जातात, आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्राहकांना पूर्ण नग मिळेनासे होतात. तळाच्या टोपीवर 'ग्राफ्लेक्स' आणि 'रॉचेस्टर' उठवलेली नळी कुणाला जुन्या बाजारात सापडलीच, तर ड्रिल लावू नये. फार तर कडी लावलेली निराळी टोपी करून घ्यावी आणि मूळ टोपी, बल्बमागची तबकडी व खिट्टी एका पिशवीत जपून ठेवावी.

– काही प्रतिकृती-संग्राहक, पुणे