न पाहताच दिलेला निकाल

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा, म्हणजे ‘डब्ल्यूएनबीए’ या लीगचा विषय क्रीडाप्रेमींमध्ये निघाला की पहिल्या दोन-तीन वाक्यांतच एक ठरावीक निकाल ऐकू येतो. खेळ संथ आहे, डंक (उंच उडी मारून चेंडू हाताने थेट रिंगमध्ये घालणे) होत नाहीत, लीग तोट्यात चालते आणि तरीही खेळाडू पुरुषांएवढे पैसे मागतात, असा तो निकाल असतो. आयुष्याची बरीच वर्षे मुलामुलींना हा खेळ शिकवण्यात गेल्यामुळे मी तो असंख्य वेळा ऐकला आहे. बोलणाऱ्याला ‘यातला एखादा सामना पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत कधी पाहिलात?’ असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. एखादा खेळ न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती न पाहता दिलेल्या निकालाबद्दल आणि तो देताना हाती घेतल्या जाणाऱ्या मापाबद्दल.

डंकचेच घ्या. पुरुष अधिक उंच उडतात आणि अधिक वेगाने धावतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. महिलांच्या लीगमधील पहिला डंक लिसा लेस्लीने 30 जुलै 2002 रोजी मारला आणि आजही तो क्वचितच पाहायला मिळतो. परंतु अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष बास्केटबॉलमध्ये 1967 ते 1976 या काळात डंकवर चक्क बंदी होती, याची आठवण किती जणांना असते? त्या नऊ वर्षांत पुरुषांचे महाविद्यालयीन बास्केटबॉल हे बास्केटबॉलच नव्हे, असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. जी गोष्ट नसतानाही पुरुषांचा खेळ खेळच राहिला, तीच गोष्ट नाही म्हणून महिलांचा खेळ कमअस्सल कसा ठरतो?

रिंग दोघांसाठीही दहा फुटांवरच असते. महिलांच्या चेंडूचा परीघ सुमारे एक इंचाने कमी असतो. जिथे उडी मारून बचाव भेदता येत नाही, तिथे तो पायांनी आणि डोक्याने भेदावा लागतो. एक खेळाडू स्क्रीन लावते, म्हणजे बचाव करणारीच्या वाटेत उभी राहते, दुसरी तिच्या खांद्याला घासून निघते, बचाव करणारी क्षणभर चेंडूकडे पाहते आणि नेमक्या त्याच क्षणी तिच्या पाठीमागून तिसरी रिंगकडे धावते. पास तिच्या हातात पडतो तेव्हा तिच्यासमोर कोणीही नसते. ही हालचाल शिकवताना मी मुलांनाही महिलांच्याच सामन्यांचे चित्रण दाखवत असे, कारण त्यात ती स्वच्छ दिसते. नेमबाजीचे म्हणाल, तर फ्री थ्रोमध्ये, म्हणजे कोणी अडवत नसताना टाकायच्या चेंडूत, डब्ल्यूएनबीएच्या एलेना डेले डॉनची कारकिर्दीतील अचूकता शंभरात जवळपास 94 इतकी आहे.

‘संथ’ या शब्दाचाही एक इतिहास आहे. 1891 मध्ये हा खेळ जन्माला आला आणि पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी स्मिथ महाविद्यालयात तो मुलींना शिकवायला सुरुवात केली. मात्र मुलींना फार दमणूक होऊ नये म्हणून कोर्टाचे तीन भाग करून त्यांना आपापल्या भागातच उभे केले गेले. 1896 मध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या मुलींमध्ये सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत येऊन पाहण्याची परवानगीच नव्हती. आयोवा राज्यातील शाळांमध्ये तर 1993 पर्यंत मुलींचा सहा-सहा जणींचा खेळ चालू होता, ज्यात निम्म्या मुलींनी फक्त आक्रमण आणि निम्म्या मुलींनी फक्त बचाव करायचा, मधली रेषा ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टप्पी पाडून सोडून द्यायचा, असा नियम होता. म्हणजे ज्यांचा खेळ काही ठिकाणी शंभर वर्षे नियम करून संथ ठेवला गेला, त्यांच्याच माथी आज संथपणाचा दोष मारला जातो. आयोवातील तो खेळ बंद झाला आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, 21 जून 1997 रोजी, न्यूयॉर्क लिबर्टी आणि लॉस एंजेलिस स्पार्क्स यांच्यात डब्ल्यूएनबीएचा पहिला सामना झाला.

पाहणाऱ्याच्या मनात माप किती घट्ट बसलेले असते, याचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुरुषांच्या ‘एनबीए’ या लीगच्या ऑल-स्टार सोहळ्यात, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मेळाव्यात, त्या लीगचा स्टीफन करी आणि डब्ल्यूएनबीएची सब्रिना आयोनेस्कू यांच्यात थ्री पॉइंटरची, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून नेम साधण्याची, लढत झाली. आयोनेस्कूने महिलांचा चेंडू घेतला, पण नेम पुरुषांच्या लांबच्या रेषेवरून धरला. करीने 29 गुण केले, तिने 26. त्याच संध्याकाळी पुरुषांची स्पर्धा जिंकणाऱ्या डेमियन लिलार्डचे अंतिम फेरीतील गुणही 26 च होते. एवढे डोळ्यांसमोर घडल्यावरसुद्धा प्रक्षेपणात बोलणाऱ्या एका माजी खेळाडूने, तिने महिलांच्या रेषेवरून चेंडू टाकायला हवे होते, असा सूर लावला. पुरुष विजेत्याइतके गुण करूनही जिला सवलत घेण्याचा सल्ला मिळतो, तिने आणखी काय करून दाखवायचे?

त्याच वर्षी 11 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकचा अंतिम सामना झाला. अमेरिका 67, फ्रान्स 64, आणि शेवटच्या क्षणी गॅबी विल्यम्सने लांबून टाकलेला चेंडू फळीला लागून जाळीत गेला. बरोबरी झाली असे क्षणभर वाटले, पण तिच्या बुटाचे टोक रेषेवर होते. दोनच गुण मिळाले आणि अमेरिकेने 67-66 असा विजय मिळवत सलग आठवे सुवर्णपदक जिंकले. माझ्यासोबत सामना पाहणारे माझे एक नातेवाईक एरवी महिलांच्या सामन्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते त्या दिवशी पडद्यापासून हातभर अंतरावर उभे राहून पुन्हा पुन्हा तो क्षण मागे नेत होते आणि बुटाचे टोक नेमके कुठे टेकले आहे हे बोट लावून तपासत होते. सामना संपेपर्यंत त्यांच्या तोंडून डंक हा शब्द एकदाही निघाला नाही.

आता पैशांविषयी, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथेच आहेत. पुरुषांएवढा पगार द्या, अशी या खेळाडूंची मागणी आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. एनबीएमध्ये बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा, 49 ते 51 टक्के, करारानेच खेळाडूंकडे जातो. महिला खेळाडूंना मिळणारा वाटा त्याच्या जवळपासही नव्हता, आणि त्यांचे भांडण या वाट्याचे होते, रकमेचे नव्हते. लीगने कमी कमावले तर कमी आणि जास्त कमावले तर जास्त, इतके साधे हे म्हणणे होते. 2024 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिली निवडल्या गेलेल्या केटलिन क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर होता आणि त्याच वर्षी लीगने प्रक्षेपणाचा अकरा वर्षांचा सुमारे 2.2 अब्ज डॉलरचा करार केला. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर जुलै 2025 च्या ऑल-स्टार सामन्याआधी खेळाडूंनी आमचे देणे आम्हाला द्या अशा अर्थाचे शर्ट का घातले, हे कळायला वेळ लागत नाही. त्या शर्टांची चेष्टा करणाऱ्यांनी हे आकडे पाहिले नसावेत, असेच मला वाटते.

कमी पगाराची झळ कुठपर्यंत जाते, हेही सांगायला हवे. 2015 मध्ये डब्ल्यूएनबीएची आघाडीची खेळाडू डायना टॉरासी अमेरिकेतील हंगाम खेळलीच नाही, कारण तो हंगाम नसताना ती ज्या रशियन संघाकडून खेळत असे, त्याने विश्रांती घ्यावी म्हणून तिला घरच्या लीगमधल्या पगाराहून अधिक रक्कम देऊ केली होती. याच लीगची ब्रिटनी ग्रायनर फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली आणि डिसेंबरपर्यंत कैदेत राहिली, ती ज्या रशियन संघाकडून खेळायला जात होती तिथेही तिला पैशाच्या गरजेनेच जावे लागत होते. ‘तिला तिकडे जायला सांगितले कोणी?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले. ज्यांनी विचारले, त्यांनी आदल्या हंगामात तिच्या सामन्याचे एक तरी तिकीट काढले होते का?

लीग तोट्यात आहे म्हणून तिला किंमत नाही, हा युक्तिवाद पुरुषांच्या लीगला तिच्या उमेदीच्या काळात कोणी लावला नाही. एनबीए 1946 ची. 1950 मध्ये तिच्यातील एक सामना 19-18 असा संपला होता, कारण चेंडू घेऊन नुसते उभे राहण्यास कोणाचीच हरकत नव्हती. चेंडू हाती आल्यापासून 24 सेकंदांत तो रिंगकडे टाकलाच पाहिजे, हा नियम आला तो 1954 मध्ये. 1980 च्या अंतिम मालिकेतील ज्या सामन्यात नवख्या मॅजिक जॉन्सनने 42 गुण केले, तो अमेरिकेच्या बहुतांश भागात थेट दाखवलाच गेला नाही, त्याचे चित्रमुद्रण रात्री उशिरा दाखवले गेले. तेव्हा एनबीएचे वय चौतीस वर्षांचे होते. महिलांची लीग अजून त्या वयाचीही झालेली नाही.

शिवाय या लीगच्या पायात दोर बांधणारे बाहेरचेच होते असे नाही. 2018 मध्ये लास वेगासच्या खेळाडू पंचवीस तासांहून अधिक काळ विमानतळांवर आणि विमानांत अडकल्या, थकून खेळायला नकार दिला आणि तो सामना त्यांच्याविरुद्ध गेला. न्यूयॉर्क लिबर्टीच्या मालकांनी 2021 च्या उत्तरार्धात आपल्या खेळाडूंसाठी खास विमाने केली, तर बाकीच्या संघांना ते परवडणार नाही म्हणून लीगने त्यांना पाच लाख डॉलरचा दंड ठोठावला! सर्व संघांना खास विमाने मिळू लागली ती 2024 पासून.

आणि लोक खरोखर पाहत नाहीत का? एप्रिल 2024 मध्ये महाविद्यालयीन महिलांचा अंतिम सामना सुमारे 1 कोटी 89 लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा अंतिम सामना सुमारे 1 कोटी 48 लाख लोकांनी. महिलांचा सामना घरोघरी दिसणाऱ्या वाहिनीवर होता आणि पुरुषांचा केबलवर, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण माझे म्हणणे नेमके तेच आहे. जिथे दिसेल तिथे लावा, लोक पाहतात. सप्टेंबर 2024 मध्ये वॉशिंग्टनमधील एका सामन्याला 20,711 प्रेक्षक होते, आणि 2025 मध्ये नव्याने आलेल्या गोल्डन स्टेट व्हाल्किरीज संघाचे घरच्या मैदानावरील सर्वच्या सर्व सामने तिकिटे संपून खेळले गेले.

मात्र या गर्दीबरोबर आलेली एक वृत्ती मला जुन्या तुच्छतेइतकीच काळजीची वाटते. क्लार्कचा खेळ विलक्षण आहे. पदार्पणाच्या हंगामातच तिने एका सामन्यात 19 असिस्टचा, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणाऱ्या पासचा, विक्रम केला. पण तिचे काही चाहते लीग जणू तिच्यापासूनच सुरू झाली असे बोलतात आणि तिला अडवणारी प्रत्येक खेळाडू मत्सरी ठरवतात. बचाव करणारीने धक्का दिला तर तो पुरुषांच्या सामन्यात ‘कडवी झुंज’ असतो आणि इथे मात्र ‘बायकांची भांडणे’ होतो. 2024 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, कनेटिकटच्या अलिसा थॉमसने प्रतिस्पर्धी संघाच्या, म्हणजे क्लार्कच्या संघाच्या, चाहत्यांकडून वांशिक शेरेबाजी होत असल्याचे जाहीरपणे सांगितले, तर 2025 मध्ये सामने चालू असताना कोर्टावर अश्लील वस्तू फेकण्याचे प्रकार घडले आणि त्यावर हसणारेही निघाले. ज्या लीगमधील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, तिच्यात येऊन एकीला डोक्यावर घेण्यासाठी बाकीच्यांना पायाखाली घालणे ही खेळाची आवड नव्हे. ज्यांना क्लार्क खरोखर आवडते त्यांनी सिंथिया कूपरविषयीही वाचावे. तिच्या ह्यूस्टन कॉमेट्स संघाने लीगची पहिली चारही विजेतेपदे जिंकली, त्या चारही वेळा अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू तीच होती, आणि तरीही तो संघ 2008 मध्ये बंद पडला.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या क्रीडा पानावर या लीगचा उल्लेख येतो तो बहुधा एखाद्या वादाच्या किंवा एखाद्या पगाराच्या बातमीत. हंगाम चालू असताना आठवड्यातून एकदा तरी एका सामन्याचा गुणफलक आणि तो सामना कोणत्या डावपेचाने फिरला याच्या चार ओळी छापाव्यात, जशा पुरुषांच्या सामन्याच्या छापता. ज्यांना आवडणार नाही ते पान उलटतील. निदान त्यांनी ते वाचून उलटलेले असेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बास्केटबॉल प्रशिक्षिका