भुतं हातानं घडवण्याची शाळा बडोद्यात हवी : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यातला एक मराठी प्रेक्षक. भयपट, अद्भुतपट आणि विज्ञानपट हे माझ्या जिव्हाळ्याचे विषय आहेत, आणि त्यांच्यापोटीच एक मागणी घेऊन आपल्याकडे आलो आहे. मुंबईत 2025 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज, म्हणजे ॲनिमेशन, गेमिंग आणि दृश्यपरिणाम शिकवणारी संस्था, सुरू झाली. तिची एक शाखा बडोद्यात काढावी आणि तिथे संगणकाच्या आधी हातकाम शिकवावे. मुखवटे, प्रोस्थेटिक मेकअप (चेहऱ्यावर चढवलेली खोटी कातडी), मिनिएचर (छोट्या प्रतिकृती), काचेवर रंगवलेली दृश्ये, कॅमेऱ्यातच करामत करून घेतलेले ट्रिकसीन, असे सगळे.

बडोद्यातच का, याचे उत्तर कलाभवनात आहे. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी ते उभे केले आणि तरुण धुंडिराज फाळके तिथे शिकले. प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांना छायाचित्रणाचा स्टुडिओ मोकळेपणाने वापरू दिला. पुढे ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग करणारे आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारे ते हेच दादासाहेब. त्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, हार घालतो. पण ते मुळात ट्रिकसीनचे कारागीर होते, हे विसरतो. 1915 मध्ये त्यांनी एका छोट्या चित्रपटात आगकाड्या पडद्यावर नाचवल्या. 1918 च्या ‘श्रीकृष्णजन्म’मधला कंस पाहा. भेदरलेल्या कंसाला भास होतो आणि त्याचे मुंडके धडावेगळे होऊन वर जाते. पौराणिक चित्रपटातले हे दृश्य मला तरी आपल्या भयपटांची सुरुवात वाटते. संगणक नव्हताच. फिल्मचा काही भाग झाकायचा, ती मागे गुंडाळायची, त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचे. मोजमाप जरा चुकले की सगळी मेहनत वाया.

दोनच वर्षांनी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त कीचकवध इतका खरा दाखवला, की थिएटरात माणसांना घेरी आली असे सांगतात. सेन्सॉरने ते दृश्य कापायला लावले. म्हणजे घाबरवण्याची विद्या आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती.

आज काय होते? मालिकांमधले भूत पाहा. एकच चेहरा तीन बाजूंनी, तीनदा, मागे गडगडाट, डोळ्यांवर हिरवा उजेड. मनोरे, राक्षस, आकाशातले युद्ध, सगळे क्रोमाच्या हिरव्या पडद्यापुढे उरकायचे आणि नंतर त्यावर संगणकाने दृश्ये चढवणाऱ्या व्हीएफएक्सवाल्यांच्या गळ्यात बांधायचे. नट कशाकडे पाहून घाबरतोय हे त्यालाच ठाऊक नसते, मग ते मला कुठून कळणार? माझी तक्रार संगणकावर काम करणाऱ्या मुलांबद्दल नाही. रात्र रात्र जागून ती दुसऱ्यांच्या घाईचे ओझे वाहतात. दोष आहे तो सेटवर काहीच न घडवण्याचा.

जिथे घडवले, तिथे परिणाम दिसला. 2018 चा ‘तुंबाड’ आठवा: ओला वाडा, कंदिलाचा उजेड, आणि ती आजी. पांडुरंगची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या मुलालाच प्रोस्थेटिक चढवून ती आजी केली होती. त्या कातडीवर उजेड खरोखर पडतो, म्हणून आपण खुर्चीत मागे सरकतो. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. आमच्या गुजरातच्या ‘वश’मध्ये तर भूतच दिसत नाही. घरात शिरलेला एक परका माणूस आणि त्याच्या हुकमावर हसणारी, थरथरणारी मुलगी, एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ती मुलगी साकारणाऱ्या जानकी बोडीवालालाही. लहान पैशांत, आपल्या भाषेत मोठी भीती उभी करता येते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

विज्ञानपटात मात्र आपण फार मागे आहोत. जयंत नारळीकरांच्या कथा वाचत मोठे झालेल्या मराठी माणसाला हे जास्तच बोचते. आपल्या पडद्यावरची प्रयोगशाळा म्हणजे काचा आणि निळे दिवे. खरे संशोधक कुठे बसतात, त्यांच्या टेबलावर काय पडलेले असते, वायरी कशा लोंबतात, हे कुणी जाऊन पाहतच नाही. बडोद्याहून अहमदाबाद दीड-दोन तासांवर आहे. तिथे इस्रोचे स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर आहे, फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी आहे. शाखेतल्या मुलांनी तिथे वही घेऊन बसावे, पाहावे, मग सेट बांधावा.

बाकी लागणारे बरेचसे या शहरात आहेच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिल्पकार आणि चित्रकार तयार होतात. कलाभवनाची परंपरा चालवणारा तंत्रज्ञान विभाग यंत्रे बनवू शकतो, नाट्यविभागात नट आहेत. ही मंडळी एकाच विद्यापीठात असूनही एका कामासाठी एकत्र बसत नाहीत, कारण तसे बसायला जागा आणि अभ्यासक्रम नाही. ती जागा आपले मंत्रालय देऊ शकते. पहिल्या वर्षी एक मोठे शेड, साचे आणि सिलिकोनचे सामान, चार-पाच कॅमेरे आणि ज्यांनी आयुष्यभर मुखवटे केले अशा कारागिरांना गुरुजी म्हणून मानधन, एवढ्याने सुरुवात होईल. पदवी नसलेल्या कारागिराला शिकवायची परवानगी मात्र नियमांत आधीच लिहून ठेवा. नाहीतर कागदावरच अडेल.

आणखी एक. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले तुकडे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपले आहेत, आणि ते आपल्याच मंत्रालयाखाली येते. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ यांच्या स्वच्छ प्रती बडोद्याला द्या. मुलांनी त्या चौकट-चौकट थांबवून पाहाव्यात, ट्रिक ओळखावी आणि स्वतः करून दाखवावी. शाखेला वेळ लागणार असेल तर निदान या प्रती तरी येत्या शैक्षणिक वर्षाआधी विद्यापीठाकडे पाठवाव्यात, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
बडोद्याचा एक मराठी प्रेक्षक