दादांची मागची जागा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दादांच्या आठवणीत आपल्या सायकल क्लबची राइड काढताय, हे वाचून बरं वाटलं. फोटो, फुलं, दोन शब्द हे सगळं होईलच. पण त्यांना शोभेल असं काय करावं, असं विचारशील तर मी एकच सांगेन: सगळ्यांच्या मागे राहून घोळका सांभाळायची त्यांची जागा तू घे. ती फार मोलाची आहे, आणि कोणीतरी ती नीट शिकून घ्यायलाच हवी.

मागच्या माणसाने घोळक्याच्या नाही, तर सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या मागे राहायचं. वळणावर पुढचे वेग कमी करतात, मागचे ब्रेक दाबतात. मागचे वळणात असतानाच पुढचे परत वेग घेतात. ते अंतर भरून काढायला मागच्याला जास्त जोर लावावा लागतो, वाऱ्याचा आडोसाही सुटतो. दमलेला माणूस म्हणूनच आणखी दमतो. दादा अशाला धीर देत बसत नसत, त्याला सरळ तिसऱ्या-चौथ्या जागी नेऊन ठेवत. पुढच्याला बजावून ठेव की वळण किंवा चढ संपला की शेवटचा पार होईपर्यंत वेग वाढवायचा नाही. निघताना माणसं मोज, प्रत्येक थांब्यावर परत मोज. मध्येच घरी वळणाऱ्याने तुला सांगितल्याशिवाय वळू नये.

पंक्चरमध्ये दादांचा हात कोणी धरत नसे, कारण ते आधी कारण शोधत. टायरवरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसव. मग ट्यूबवरचं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते कळतं आणि काटा तिथेच सापडतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर तीही जाते. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि ट्यूब रिमवर चेपली. भोक आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे का ते बघ. टायर चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी कर, व्हॉल्व्ह आत ढकल, थोडी हवा भर आणि दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे अडकली नाही ना ते पाहा. पॅच घरी लाव. घासलेल्या जागेवर सोल्युशनचा पातळ थर देऊन पाचेक मिनिटं सुकू दे. ओल्यावर चिकटवलेला पॅच सुटतो.

पिशवीत ट्यूब प्रेस्टा व्हॉल्व्हच्या, म्हणजे बारीक व्हॉल्व्हच्या ठेव. श्रेडरचा, म्हणजे मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह प्रेस्टासाठीच्या रिमच्या बारीक भोकातून जात नाही; उलट मात्र चालतं. चाकांच्या मापाच्या ट्यूब आधीच विचारून घे. चेनची क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, प्रत्येक सायकलच्या गिअरप्रमाणे लागते. मागे ११ गिअर असलेल्या सायकलची लिंक ८ गिअरवाल्या चेनवर बसत नाही. टायर काढायचे लिव्हर, पंप, चेन तोडायचं हत्यार आणि ४, ५, ६ मिमी ॲलन की हे तर हवंच. कोणी उजव्या अंगावर पडलं तर सायकल चालू लागली म्हणून सोडू नकोस. मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर चेन सरकवणारा डिरेलर उजवीकडे असतो; तो ज्यावर लटकतो तो हँगर आत वाकला असेल तर सगळ्यांत मोठ्या चकतीवर गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो आणि चाकाची वाट लागते. अशाला ती चकती वापरू नको म्हणून सांग.

मौन राइड करायची असं काहींच्या मनात आहे, असं तू लिहिलंस. ती प्रथा २००३ साली अमेरिकेत डॅलसमध्ये सुरू झाली, रस्त्यावर मारल्या गेलेल्या सायकलस्वारांसाठी. वेग ताशी १२ मैलांच्या आत, म्हणजे साधारण १९ किलोमीटर. वेग तेवढाच ठेवा, तो दादांनाही आवडला असता. मौन मात्र मला पटत नाही. मागून गाडी आली की ‘गाडी!’ अशी त्यांची हाक पुढपर्यंत पोहोचायची. ती हाक तू मोठ्याने द्यायचीस.

तोवर मागचं चाक काढून बसवायचा सराव कर. चेन सगळ्यांत लहान चकतीवर आण, मगच चाक सोड. बसवतानाही त्याच चकतीवर चेन घाल. अंधारात जमलं की झालं.

तुझा,
जुना मित्र