ती. आई-बाबांना, कराडहून

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा 'जेवलात का' विचारून ठेवून दिला. म्हणून पत्र. बँकेचा राजीनामा मी दिलाय, ३१ मार्च शेवटचा दिवस. ओगलेवाडीत स्टेशनाजवळ शेड भाड्यानं घेतलीय. तिथं मी भट्टी लावणार आहे, लोहारकामाची.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. घराचा हप्ता डिसेंबरात फिटला. जावयांना विचारूनच केलंय, शेडचा पत्रा तर त्यांनीच उभं राहून बदलून घेतला. तुमचे पैसे पाच तारखेला येत राहतील. मुलं शाळेतून यायच्या आत मी घरी असेन, भाकरीसुद्धा माझ्याच हातची असेल. आठ महिने दर शनिवारी एका लोहारकाकांकडे शिकतेय. तुमचा फोन आला की 'बाजारात आहे' म्हणायचे, ते खोटं होतं. त्याचं वाईट वाटतं.

बाबा, तुमचा डावा हात डोळ्यांपुढं होता म्हणूनच लपवलं. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही विचारणार नाही. पण मी कशी काम करते ते ऐका. पहिले दोन महिने काकांनी फक्त खिळे आणि आकडे करून घेतले. गजाला आधी चौकोनी टोक काढायचं, मग ते गोल करायचं. लोखंड नारिंगी-पिवळं असेतोवरच घाव, काळवंडलं की परत भट्टीत. पांढरं होऊन ठिणग्या फेकायला लागलं तर ते जळालं म्हणायचं. हातोडा एक किलोचा, घणाला मी हात लावत नाही. ऐरण माझ्या आवळलेल्या मुठीच्या उंचीला बसवलीय, म्हणजे कंबर वाकत नाही. सुती कपडे, चामड्याचे बूट, चष्मा. शेड तीन बाजूंनी उघडी आहे, कारण कोळशाचा वायू कोंडला तर कळतसुद्धा नाही. जस्त चढवलेला पाइप भट्टीत जात नाही, त्याचा धूर विषारी. मनगटावर ठिणगीचा एक डाग आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. तोही भरलाय.

आता विळा करायला शिकतेय. ट्रकचा जुना कमानपाटा घेतो, साध्या गजाला धार टिकत नाही. घडवून झाला की तापवत राहायचं आणि लोहचुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना चुंबक चिकटायचं थांबतं, त्याहून थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. मग तो इतका कडक होतो की पडला तर तुटेल. म्हणून घासून चकचकीत करायचा आणि मंद आचेवर धरायचा, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत. तो रंग चढताना मी श्वास रोखून धरते, बाबा. बँकेत बारा वर्षांत असं कधी झालं नाही.

कुंडलच्या माळावर १९१० साली कारखाना कसा उभा राहिला ते तुम्हीच सांगायचात. लोखंडी नांगरानं जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, तरी किर्लोस्करांनी नांगर करणं सोडलं नाही. मला फक्त खुरपी आणि विळे करायचेत. आणि पुढच्या सालच्या तोडीला गावात माझे कोयते दिसले तर बघायचंय.

सायकलच्या नळीवर बसवून तुम्ही मला लोहाराकडे फाळ शेवटायला, म्हणजे त्याला टोक काढून घ्यायला न्यायचात, आठवतं? भात्याची दोरी ओढू द्या म्हणून मी रडायचे. आई घरी आल्यावर कानातली राख पुसायची. तो वास मला अजून येतो गं, आई.

तुझ्यासाठी उलथनं केलंय. दांडा लांब ठेवलाय, वाफ लागणार नाही.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आई, डोळ्यांचे थेंब संपायच्या आधी दुसरी बाटली आण. न्हाणीघरात ओल राहू देऊ नका. आणि चिडला असाल तर चिडा, पण दोघांनी जेवा.

पाडव्याला भट्टी पेटवणार आहे. किर्लोस्करवाडीहून गाडीत बसलात की मी स्टेशनवर असेन. शेडमध्ये तुमच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची ठेवलीय, भट्टीपासून लांब. बाबा, माळ्यावर गोणपाटात तुमचा हातोडा आहे ना, तो आणा. तुम्ही शिडी चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. दांडा किडला असेल, इथं बाभळीचा नवा बसवते.

तुमची,
बाळी