बोल्सच्या बॅगेबद्दल

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

बॅग कोणती घ्यावी असं विचारलंस. दुकानातला माणूस तुला कप्पे मोजून दाखवेल: इथे मोबाइल, इथे बाटली, इथे टॉवेल. ते सगळं कानाआड कर. लॉन बोल्स म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायचा खेळ, त्याच्या बॅगेत बघायचं ते दोनच ठिकाणी, बॅगेचा तळ आणि पट्ट्याची शिलाई.

आधी वजनाचा हिशेब. नियमाप्रमाणे एक चेंडू जास्तीत जास्त १.५९ किलोचा. सेटमधल्या चार चेंडूंचे साधारण सहा किलो धर. त्यात सपाट तळव्याचे बूट, मोजायची टेप, खडू, फडकी आणि पाण्याची बाटली आली की आठ किलोच्या पुढे जातोस. एवढ्याच वजनाचे कपडे बॅगभर पसरतात, चेंडूंचं ओझं मात्र चार गोल टेकूंवर येतं. साधी जिमची बॅग म्हणूनच महिन्याभरात पोट खाली सोडते. आतला पुठ्ठा मधोमध मोडतो आणि चेंडू घरंगळत एका कोपऱ्यात जमतात. तळाला ३-४ मिमी जाडीची प्लास्टिकची पाटी हवी. पुठ्ठा आपल्याकडच्या पावसात लगदा होतो. प्लायवूड टिकतं, पण उगीच वजन वाढवतं.

आता पट्टा. बऱ्याच बॅगांमध्ये तो वरच्या कडेला दोन टाके मारून लावलेला असतो. वजन जातं त्या शिवणीवर आणि उसवते तीच. निवार बॅगेच्या तळाखालून फिरून दुसऱ्या बाजूला वर आलेली असेल, तर वजन निवारीवर राहतं, कापडावर नाही. खांद्याचा पट्टा ३८ मिमीपेक्षा अरुंद नको, आणि जोडावर चौकोनात फुली अशी शिलाई बघ. बक्कल धातूचं असेल तर त्याची कडी जोड दिलेली नको, अखंड हवी. ओझ्याने जोड उघडतो.

ट्रॉली बॅगचा मोह होईल. घोडबंदरवरून रिक्षाने ठाणे स्टेशन गाठायचं, पुलाचे जिने चढायचे, ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर उतरायचं, हे सगळं डोळ्यांसमोर आण. जिन्यावर ट्रॉली उचलावीच लागते. रिकामी ट्रॉली तीनेक किलोची असते, म्हणजे चेंडूंबरोबर चाकंही वाहायची! शिवाय सुटकेसची पाच सेंटिमीटरची चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. गाडीने दारापासून दारापर्यंत जाणाऱ्यासाठी किंवा पाठदुखी असणाऱ्यासाठी ट्रॉली ठीक. तेव्हा चाकं निदान आठ सेंटिमीटरची आणि स्क्रूने बसवलेली घ्यावीत. रिव्हेटची चाकं तुटली की बदलून मिळत नाहीत. आणि कुठलीही ट्रॉली हिरवळीवर न्यायची नाही, बाहेरच ठेवायची.

लोकलने जाणाऱ्याला पाठीवरची बॅगच सोयीची. पण तिची मांडणी बघ. चारही चेंडू तळाला दोन-दोनच्या चौकोनात बसवले की बॅग मागे फूटभर निघते, कमरेला मागे ओढते आणि गर्दीत शेजारच्याला टोचते. चेंडू पाठीला लागून उभे रचलेले हवेत, दोन खाली आणि दोन वर, मध्ये पक्की फळी. मग खोली एकाच चेंडूएवढी राहते आणि वजन पाठीजवळ येतं. अशी बॅग वरून नाही, समोरून सुटकेससारखी उघडणारी हवी. नाहीतर खालचा चेंडू काढायला वरचे दोन बाहेर काढावे लागतात.

अशी तयार मिळाली नाही तर शिवून घे. चांगला बॅगवाला एका बैठकीत समजून घेतो, फक्त मापं नेमकी द्यावी लागतात. चेंडू पूर्ण गोल नसतो, म्हणून फूटपट्टीने मापू नकोस. तो ज्या पट्ट्यावर घरंगळतो तिथे दोरा गुंडाळ आणि लांबीला ३.१४ ने भाग. दोरा ३८.३ सेंमी भरला तर व्यास १२.२ सेंमी. नियमात ११२ ते १३४ मिमीपर्यंतचे चेंडू बसतात, त्यामुळे दुसऱ्याच्या बॅगेचं माप तुला उपयोगाचं नाही. कप्पा व्यासापेक्षा ८ मिमी मोठा ठेव, म्हणजे १३ सेंमी. याहून सैल झाला तर चेंडू खडखडतो, घट्ट झाला तर नखाने उकरून काढावा लागतो. भिंती १ सेंमी फोमच्या धरल्यास रुंदी २९, खोली १५. वर बुटांचा वेगळा कप्पा १२ ते १४ सेंमी उंचीचा.

फोम ईव्हीएचा (रबरासारखा) घाल, तो पाणी पीत नाही. साधा स्पंज जून ते सप्टेंबर ओलाच राहतो आणि कुबट वास सुटतो. बाहेरून पॉलिएस्टर कापड, पण आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर दिलेलं अस्तर टाळ. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो थर दोन-तीन वर्षांत चिकट होतो आणि चेंडूंवर खपल्या सोडतो. चेन नायलॉनची, आठ किंवा दहा नंबरची. धातूची गंजते. चेनची वळणं जितकी कमी तितकं बरं, कारण दात आधी कोपऱ्यातच सुटतात. रनर जड चालू लागला तर मेणबत्ती घास, तेल नको, ते धूळ धरतं.

कप्प्यात वाळूचे कण राहिले तर चालताना चेंडूवर पॉलिश पेपरसारखे घासतात. घरंगळण्याच्या पट्ट्यावर ओरखडा पडला की चेंडूच्या वळणावर परिणाम होतो. म्हणून ठेवण्याआधी प्रत्येक चेंडू पुसायचा आणि बॅग आठवड्यातून एकदा उलटी करून झटकायची. वेल्क्रो कप्प्यांजवळ लावू नकोस, कचरा तिथेच साठतो. पकड घट्ट बसावी म्हणून लावायचं ग्रिपचं मेण उन्हात वितळतं, म्हणून त्याची डबी झिपच्या पिशवीत ठेव.

चारही चेंडू रोज न्यायलाच हवेत असं नाही. फोर्समध्ये, म्हणजे चौघांच्या संघाच्या प्रकारात, प्रत्येकाकडे दोनच असतात. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी सुवर्ण जिंकलं तो हाच प्रकार. तुझा सराव फोर्सचाच असेल, तर दोन चेंडूंची छोटी हातबॅग वेगळी घे. मोठी बॅग सिंगल्ससाठी आणि बाहेरगावासाठी. जॅक (ज्याच्या जवळ चेंडू न्यायचा तो छोटा चेंडू) आणि उभं राहायची चटई मैदानावर मिळतात, त्यांची जागा सोडू नकोस.

विमानाने जायचं झालं तर केबिनची मर्यादा बहुतेक ठिकाणी सात किलो, म्हणजे चेंडू खालच्या सामानातच. खूण करायचा स्प्रे बॅगेतून काढून टाक, ज्वलनशील असल्याने विमानात चालत नाही. साधा खडू ने.

दुकानात जाताना स्वतःचे चेंडू बरोबर ने. ते भरून बॅग पाच मिनिटं खांद्याला लाव, दोन मजले जिना चढ, मग खाली ठेवून तळाकडे बघ. पाटी वाकली असेल तर भाव करत बसू नकोस, बाहेर पड.

शिवून घ्यायची ठरवलीस तर दोऱ्याचं माप आणि तुझ्या बुटांची लांबी कळव. मी कागदावर आकृती काढून पाठवतो, तीच बॅगवाल्याला दाखव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद