मदतीला थांबलेल्यांच्या पाठीमागे धडक झेलणारी गाडी हवी

महोदय,

५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दसऱ्याच्या पहाटे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका मोटारीला अपघात झाला आणि जखमींच्या मदतीसाठी रुग्णवाहिका व सेतूवरील कर्मचारी तेथे पोहोचले. मदतकार्य चालू असतानाच मागून भरधाव आलेली दुसरी मोटार तेथे उभ्या असलेल्या गाड्यांवर आणि माणसांवर आदळली. पाच जणांचा बळी गेला. त्यांत मदतीला गेलेले कर्मचारीही होते. २० जुलै २०२३ रोजी अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर अशीच घटना अधिक भीषण स्वरूपात घडली. आधीच्या अपघाताजवळ जमलेल्या लोकांत मोटार घुसून नऊ जण गेले आणि त्यांत पोलीस व होमगार्ड जवानाचाही समावेश होता. दोन्ही वेळी चालकाच्या बेदरकारपणावर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र रस्त्यावर उभे राहून काम करणारा माणूस आणि मागून येणारी गाडी यांच्या मध्ये त्या वेळी काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

आपल्या महामार्गांवर सध्या मध्ये असतात ते रबरी शंकू, चाकांवरचे लोखंडी बॅरिकेड किंवा पोकळ प्लास्टिकचे लाल-पांढरे अडथळे. ही साधने रस्ता वळवल्याची सूचना देतात, गाडी अडवत नाहीत. उलट ताशी १०० किलोमीटरने आलेल्या मोटारीने लोखंडी बॅरिकेड उडवले, तर तेच पुढे काम करणाऱ्याच्या अंगावर जाते. प्लास्टिकच्या अडथळ्यांत पाणी भरून ते एकमेकांत अडकवले तर काही उपयोग होतो, पण अपघातानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत टँकर आणून ते भरत कोण बसणार? ट्रकचालकांची दगड आणि झाडाची फांदी मांडण्याची रीत तर सर्वांच्याच परिचयाची आहे. ट्रक निघून जातो आणि दगड मात्र रात्रभर लेनमध्येच राहतात.

परदेशात यासाठी एक वेगळीच गाडी वापरली जाते. वजनदार ट्रकच्या मागे, जमिनीपासून थोड्या उंचीवर, धडक शोषणारी लांबलचक उशी बसवलेली असते. प्रवासात ती घडी करून वर उचलता येते आणि जागेवर पोहोचल्यावर खाली सोडता येते. तिच्या आत बहुधा ॲल्युमिनिअमची, मधाच्या पोळ्यासारखी पोकळ रचना असते, जी धडकेबरोबर क्रमाक्रमाने चेपत जाते. हिशेब सोपा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या दीड टनी मोटारीत सुमारे ५.८ लाख ज्यूल ऊर्जा असते. ती उभ्या ट्रकवर थेट आदळली आणि तिचा पुढचा भाग पाऊण मीटर चेपून ती थांबली, तर आतील माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी पन्नासपट झटका बसतो. शिवाय मोटार ट्रकच्या हौद्याखाली घुसण्याची भीती असतेच. उशीमुळे थांबण्यासाठी आणखी तीन मीटर मिळाले, तर तोच झटका दहा-अकरापटीवर येतो. म्हणजे ही गाडी पुढे काम करणाऱ्यांना वाचवते, तसेच चूक करणाऱ्या चालकालाही वाचवते. उभ्या ट्रकलाच आडवा लावून ‘संरक्षण’ करण्याची आपली पद्धत यातले दुसरे काम मुळीच करत नाही.

मात्र परदेशी उशी जशीच्या तशी आणून आपले भागणार नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण हेच आहे. अमेरिकेतील ‘मॅश’ या प्रचलित मानकाच्या वरच्या श्रेणीत अशा उशीची चाचणी ताशी १०० किलोमीटर वेगाने होते आणि धडकणारी वाहने ११०० किलोची मोटार व २२७० किलोचा पिकअप अशी असतात. समृद्धी महामार्गावर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेगातील ही वाढ पाचव्या हिश्श्याची आहे, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती ४४ टक्क्यांनी अधिक भरते. त्याहून गंभीर प्रश्न मालट्रकचा आहे. २५ टनांचा ट्रक ताशी ६० किलोमीटरनेच आला, तरी त्याची ऊर्जा वरच्या मोटारीच्या सहापट असते. बोरघाटात किंवा कसाऱ्यात ब्रेक निकामी झालेला असा ट्रक १० टनांच्या संरक्षक गाडीवर आदळला, तर दोन्ही मिळून ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे सरकतील आणि संरक्षक गाडीचे ब्रेक पूर्ण आवळलेले असले, तरी सपाट रस्त्यावरसुद्धा थांबायला सुमारे ५० मीटर घेतील. उतारावर त्याहून अधिक. म्हणून आपल्या रचनेत उशीइतकेच महत्त्व गाडीच्या वजनाला आणि ती व मदतपथक यांच्यामधल्या मोकळ्या अंतराला द्यावे लागेल. घाटासाठी गाडी वीस टनांच्या घरातील असावी, वजन म्हणून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे सांगाड्यावर पक्के बसवलेले असावेत, पुढची चाके पथकापासून दूर वळवून ठेवावीत आणि मधल्या अंतरात रुग्णवाहिका, क्रेन वा बघे यांपैकी कोणीही थांबू नये. बघ्यांना आवरणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे, हे महामार्ग पोलिसांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

बाजूने तिरकी घुसणारी गाडी हा आणखी एक धोका असून मागची उशी तो टाळू शकत नाही. अमेरिकेत त्यासाठी पोलादी भिंतीसारखे लांब ट्रेलर आहेत, पण ते नियोजित दुरुस्तीच्या कामाला सोयीचे आहेत. अपघातस्थळी कोंडीतून वाट काढत ते वेळेवर पोहोचतील असे मला वाटत नाही.

खर्चाचा मुद्दा निघेलच. टेक्सासमधील काही अग्निशमन दलांनी निवृत्त बंबांच्या मागे अशा उश्या बसवून त्यांचा संरक्षक गाडी म्हणून उपयोग केला आहे. आपल्याकडेही जुने बंब आणि सरकारी ट्रक भंगारात जातात; त्यांतील सुस्थितीतले सांगाडे निवडून, देशी उशीची रचना व चाचणी पुण्या-मुंबईतील संशोधन संस्थांकडे सोपवता येईल. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस (आयआरसी) या संस्थेने रस्त्यावरील कामांच्या ठिकाणी वाहतूक कशी हाताळावी यासाठी आयआरसी एसपी ५५ हा ग्रंथ काढला आहे. तसाच तपशील अपघातस्थळासाठीही हवा, कारण दुरुस्तीचे काम आधी ठरवून होते आणि अपघात ठरवून होत नाही.

कायद्यातही एक दुरुस्ती हवी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १० हजार रुपये दंड ठेवला; ती धावणाऱ्या रुग्णवाहिकेची काळजी झाली. अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत उभ्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना लेन बदलणे किंवा वेग कमी करणे बंधनकारक आहे. तशी तरतूद आपल्याकडेही स्पष्ट शब्दांत आणि नेमक्या दंडासह असावी.

द्रुतगती मार्गावरचे ‘देवदूत’ पथक, १०८ चे डॉक्टर व चालक, खोपोली परिसरातून अर्ध्या रात्री धावून येणारे स्वयंसेवक ही सारी माणसे आज पाठीमागे काहीही नसताना कटरने पत्रा कापत असतात. राज्य रस्ते विकास महामंडळाने आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने टोलच्या यापुढील प्रत्येक करारात रुग्णवाहिका व क्रेनप्रमाणेच संरक्षक गाडीची संख्या, तिचे किमान वजन आणि घटनास्थळी पोहोचण्याची मुदत लिहून घ्यावी. सुरुवात बोरघाट आणि समृद्धीवरील बोगद्यांपासून करावी, कारण तेथे कडेला सरकायला जागा सर्वांत कमी आहे.

– एक निवृत्त यंत्र अभियंता, नाशिक